पासाचे उरलेले सहा दिवस

नालासोपाऱ्याला राहणाऱ्या माणसाने पास मात्र विरारपासूनचा का काढावा, हा प्रश्न पश्चिम रेल्वेवर कधी प्रवास न केलेल्यालाच पडतो. चर्चगेटकडे जाणारी सकाळची गाडी विरारला भरते आणि नालासोपाऱ्याला येते तेव्हा तिच्यात पाय ठेवायलाही जागा नसते. म्हणून आधी उलट दिशेने विरारला जायचे, गाडीतून न उतरता बसल्या जागी बसून राहायचे आणि मग त्याच गाडीने आपल्याच स्टेशनावरून, फलाटावर ताटकळणाऱ्या शेजारणींची नजर चुकवत पुढे जायचे, हा आमच्याकडचा जुना शिरस्ता आहे. १९९१ साली नोकरीला लागल्यापासून मी हेच करत आले. यंदा ३१ डिसेंबरला शाल आणि नारळ घेऊन कायमची घरी आले आणि दुसऱ्या आठवड्यात पर्स आवरताना लक्षात आले, की तीन महिन्यांच्या पासाचे सोमवार ते शनिवार असे सहा दिवस अजून शिल्लक आहेत.

नाशिकहून निरोपसमारंभासाठी आलेल्या माझ्या वन्सं तेव्हा घरातच होत्या. त्या पंचवटीत राहतात आणि शिक्षिका म्हणून निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षे झाली आहेत. त्यामुळे निवृत्तीविषयी बोलण्याचा अधिकार आपलाच आहे, असे त्या धरून चालतात. "पास वाया घालवायचा नाही, वहिनी," असे त्यांनी जाहीर केले. विचार केला तर त्यांचे म्हणणे खरे होते. विरार ते चर्चगेट हा साठ किलोमीटरचा रस्ता मी इतकी वर्षे दिवसातून दोनदा तुडवला, पण नेमाने उतरले ती दोनच स्टेशने, एक घराचे आणि एक कचेरीचे. मधली सगळी नावे मला ठाऊक होती ती फक्त कोणत्या बाजूचा फलाट येतो आणि कुठे किती बायका उतरतात एवढ्यापुरती. म्हणून असे ठरले, की रोज एका स्टेशनावर उतरायचे, सकाळी दहानंतर निघायचे आणि दुपारची गर्दी सुरू होण्याआधी परतायचे. पास माझा होता आणि वन्संसाठी रोज परतीचे तिकीट काढायचे होते.

सोमवार, बोरिवली

निघताना वन्संनी माझ्या तळहातावर दहीसाखर ठेवली. नालासोपारा ते बोरिवली प्रवास सुखाचा झाला, पण राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापाशी पोहोचल्यावर कळले, की उद्यान सोमवारी बंद असते. चूक सर्वस्वी माझी होती. ज्या उद्यानाची झाडे गाडीच्या दारातून चौतीस वर्षे पाहिली, त्याचा सुट्टीचा वार मला माहीत नव्हता. वन्सं काही बोलल्या नाहीत. फक्त शाळेची सहल काढण्याआधी आपण चौकशीचे पत्र कसे पाठवत असू, हे त्यांनी रिक्षात बसेपर्यंत सविस्तर सांगितले.

मग पश्चिमेला जाऊन गोराईची खाडी गाठली. होडीत माणसांबरोबर मोटारसायकली, भाजीच्या पाट्या आणि एक शेळी होती, आणि दोन्ही काठांना तिवरांची गर्द रांग. पलीकडच्या काठावर जागतिक विपश्यना पॅगोडा सोनेरी रंगात उभा आहे. २००९ साली खुल्या झालेल्या या वास्तूची उंची सुमारे ९९ मीटर आहे आणि तिच्या पोटातल्या ध्यानगृहात ८,००० माणसे बसू शकतात, तरीही आत एकही खांब नाही. जोधपूरकडचे दगड एकमेकांत खाचा घालून गुंतवले आहेत आणि त्या गुंतण्यावरच घुमट तोलला आहे. विपश्यनेचे शिबिर न केलेल्यांना सभागृह काचेच्या आडून पाहावे लागते. आत अंधुक उजेडात चार-पाच माणसे बसली होती; त्या आकारापुढे ती बुद्धिबळाच्या रिकाम्या पटावर विसरून गेलेल्या प्याद्यांसारखी दिसत होती. बाहेर नाशिकचा चिवडा खाऊन आम्ही तीनच्या होडीने परतलो. दिवस बरा गेला, पण जिथे जायचे होते तिथे जाणे झाले नाही, ही टोचणी राहिलीच.

मंगळवार, पुन्हा बोरिवली

आज फाटक उघडे होते. फाटकापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटरचा रस्ता जंगलातून जातो आणि आमच्यासारख्यांनी तो बसनेच जावा. जानेवारीचे जंगल निम्मे वाळलेले असते. रस्त्याच्या कडेला कारवीच्या काटक्या नुसत्या उभ्या होत्या. इथली कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते, २०१६ नंतर ती २०२४ मध्ये फुलली आणि त्या वर्षी आमच्या डब्यात मोबाइलवर सगळ्यांनी एकमेकींना जांभळे डोंगर दाखवले होते. प्रत्यक्ष पाहायला त्यांतली एकही गेली नव्हती, अर्थात मीही नाही.

लेण्यांचे तिकीट वेगळे काढावे लागते. पायथ्याशी आदिवासी बायका काकड्या, पेरू आणि बोरे विकत बसतात. "पिशवीत ठेवा, हातात नको," असे एकीने बजावले आणि ते वाक्य पुरे होण्याआधीच एका माकडाने वन्संच्या हातातली तिखटमीठ लावलेली काकडी उचलली व शेजारच्या कठड्यावर बसून, आधी मीठ झटकून, अत्यंत सावकाश खाल्ली.

कान्हेरी, म्हणजे शिलालेखांतला कृष्णगिरी, हा काळ्या बेसॉल्टचा एक मोठा उघडा डोंगर आहे आणि त्यात शंभरावर लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे जवळजवळ हजार वर्षे इथे भिक्षूंची वस्ती होती. सगळी लेणी पाहण्याचा हट्ट धरू नये. आमच्या गुडघ्यांनी तो धरूही दिला नाही. तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य मात्र चुकवू नये. सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीच्या काळातल्या, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातल्या या चैत्याच्या दर्शनी भिंतीवर दान देणाऱ्या जोडप्यांची शिल्पे आहेत. वन्सं त्यांतल्या एका बाईसमोर बराच वेळ थांबल्या. पायांत घोट्यापासून वर चढत गेलेले जाड वाळे, कमरेला पदरी मेखला, कानांत खांद्यापर्यंत लोंबणारी कुंडले आणि शेजारी नवरा, तोही दागिन्यांत फारसा मागे नाही. "दान देताना सगळे अंगावर घालून आलेली दिसते," असे म्हणून त्यांनी त्या बाईच्या ऐपतीचा अंदाज बांधला. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना सुमारे सात मीटर उंचीचे दोन बुद्ध उभे आहेत, पण ते नंतरच्या काळातले आहेत आणि त्यांच्या शांतपणापुढे ही नटलेली जोडपी अधिकच घरगुती वाटतात.

कान्हेरीच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची गावे येतात. कल्याण, नाशिक आणि सोपारा ही त्यांतली काही. नाशिकचे नाव ऐकून वन्सं खूश झाल्या, आणि सोपाऱ्याचे नाव आले तेव्हा मी जरा सावरून उभी राहिले. बंदरावर उतरलेला माल घाटावर जाई, घाटावरचा खाली येई आणि त्या नफ्यातला काही भाग इथे दगडात जिरे. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी पाण्याची एक पोढी खोदलेली आहे, डोंगरावर पडलेले पाणी तिच्यापर्यंत आणणारे अरुंद पाट आहेत आणि जानेवारीतही पुष्कळ पोढ्यांत पाणी होते. आमच्या इमारतीत एक दिवसाआड टँकर येतो, हे मी तिथे काढले नाही.

मला सर्वांत आवडले ते नव्वदाव्या क्रमांकाचे लेणे. तिथे खांबांवर पहलवी लिपीतले काही लेख आहेत, इसवी सन १००९ आणि १०२१ मधले. इथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी त्यांत आपली नावे आणि तारीख नोंदवली आहे. म्हणजे ज्या खोडीबद्दल वन्संनी आयुष्यभर पोरांना छड्या मारल्या, ती हजार वर्षांनी पुरातत्त्वाचा पुरावा झाली होती. त्या काळी भिक्षूंची वस्ती उतरणीला लागली होती आणि हे लोक बहुधा आमच्यासारखेच, डोंगर पाहायला आले होते.

बुधवार, चर्चगेट

कचेरी नसताना चर्चगेटला जाणे विचित्र वाटते. गाडी थांबल्यावर माझे पाय नेहमीच्या दरवाजाकडे वळले आणि वन्संनी दंड धरला नसता तर मी सवयीने हजेरी लावून आले असते. वाटेत त्यांना सांगितले, की चर्चगेट हे काही या मार्गाचे मूळचे टोक नाही. गाड्या पुढे कुलाब्यापर्यंत जात आणि तो तुकडा १९३० सालाच्या शेवटच्या दिवशी बंद झाला. आणखी मागे गेले तर १२ एप्रिल १८६७ रोजी या मार्गावरची पहिली उपनगरी गाडी विरारहूनच सुटली होती, दिवसाला जाण्याची एक आणि येण्याची एक. ती चुकली तर कचेरीत काय सांगत असतील, याचा आम्ही थोडा वेळ विचार केला.

ओव्हल मैदानाच्या एका बाजूला विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय, दुसऱ्या बाजूला १९३० च्या दशकातल्या गोलाकार कोपऱ्यांच्या आर्ट डेको इमारती; या दोन्ही मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या. मैदानातली पायवाट ओलांडणाऱ्या आमच्या घोळक्याला त्याचा पत्ता नव्हता, कारण सकाळी त्या वाटेवर सगळ्यांच्या नजरा टॉवरच्या घड्याळावरच असत. वन्संनी वाट सोडून मैदानाच्या मधोमध जाऊन दोन्हीकडे शांतपणे पाहिले. क्षेत्ररक्षण करणाऱ्या एका मुलाने "आजी, बाजूला!" असे ओरडेपर्यंत त्या तिथेच होत्या.

तिथून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पायी दहा मिनिटांवर आहे. जॉर्ज विटेटने आखलेली ही इमारत पहिल्या महायुद्धात लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली आणि संग्रहालय म्हणून १० जानेवारी १९२२ रोजी उघडली. इतक्या वर्षांत मी एकदाच आत गेले होते, मुलाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी, आणि तेव्हाही लक्ष घड्याळाकडेच होते. या खेपेला मी एकच वस्तू शोधत होते. आमच्या भागातून १९५६ साली, वसईजवळच्या भुईगावच्या किनाऱ्याकडे, अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला आणि तो आता या संग्रहालयात आहे. दगड पाहिला तर साधाच, काळपट आणि कडा तुटलेला, पाट्यासारखा. त्यावर ब्राह्मी अक्षरांच्या ओळी आहेत, फुली, वर्तुळ, उभी रेघ, अशा सुट्या सुट्या खुणा. वळणे इतकी सोपी, की पहिलीतल्या पोराला गिरवायला द्यावीत, असे वन्सं म्हणाल्या.

नवव्या लेखाचा मजकूर इतर ठिकाणच्या प्रतींमुळे पूर्ण माहीत आहे. आजारपणात, लग्नकार्यात, मूल झाल्यावर आणि प्रवासाला निघताना लोक नाना तऱ्हेची मंगलकृत्ये करतात, असे राजा त्यात म्हणतो. बायका तर पुष्कळच क्षुल्लक आणि निरर्थक मंगले करतात, असेही म्हणतो. आणि मग खरे मंगल म्हणजे नोकरचाकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, जिवांना न दुखवणे, असे सांगतो. हे मी वाचून दाखवल्यावर वन्संचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी रोज सकाळी माझ्या हातावर ठेवलेली दहीसाखर देवानांप्रियाने, म्हणजे अशोकाने, सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच नोंदवून ठेवली होती. "बायकांनाच बरे धरले," एवढेच त्या बोलल्या, पण दालनातून बाहेर पडेपर्यंत दोनदा मागे वळून त्या दगडाकडे पाहिलेच.

माझ्या मनात वेगळाच विचार होता. आमच्या तालुक्यातला हा दगडसुद्धा शेवटी फोर्टातच कामाला आला.

संध्याकाळी गर्दी चुकवायची म्हणून मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसलो आणि गप्पांत ती वेळ टळून गेली, त्यामुळे भर गर्दीतच परतावे लागले. वन्सं बायकांच्या डब्यात चढल्या त्या स्वतःच्या पायांनी नव्हे. आत कुणी मटार सोलत होते, कुणी स्तोत्र पुटपुटत होते, गजरेवाली माणसांच्या भिंतीतून सरकत होती आणि तिघींच्या बाकाच्या कडेला, चौथ्या सीटवर टेकलेली एक मुलगी झोपेत कलंडत होती. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली पहिली लेडीज स्पेशल धावली, तेव्हा मला नोकरीत जेमतेम वर्ष झाले होते आणि अख्खी गाडी बायकांची म्हणजे ऐसपैस बसायला मिळेल, असा आमचा समज होता. हे ऐकून अंधेरीपर्यंत एका पायावर उभ्या असलेल्या वन्संना हसू आले.

गुरुवार, वसई

या मार्गावर ज्या स्टेशनाच्या नावात 'रोड' असते ते गावापासून लांब असते, हे पक्के लक्षात ठेवावे. वसई रोडला उतरून बसने वसई गावात आणि तिथून चिंचेच्या सावलीतल्या रस्त्याने किल्ल्यापर्यंत गेलो. हा किल्ला एका नजरेत मावत नाही, कारण तो नुसता किल्ला नसून तटबंदीच्या आतले एक संपूर्ण शहर होते. १५३४ सालच्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे पाच वर्षे ती त्यांच्याकडे राहिली. त्या शहरातल्या रस्त्यांवर आज ताडाची झाडे आणि झुडपे आहेत आणि त्यांतून छप्पर नसलेली चर्चे अचानक समोर येतात. फ्रान्सिस्कनांच्या चर्चच्या जमिनीत थडग्यांच्या शिळा बसवलेल्या आहेत. एका शिळेवर आम्ही बाटलीतले थोडे पाणी ओतून हाताने धूळ पुसली तेव्हा ढाल, तिच्यावरचे शिरस्त्राण आणि खाली अक्षरांच्या ओळी वर आल्या. भाषा आम्हा दोघींनाही येत नव्हती. तरी पाणी वाळेपर्यंत आम्ही एकेक अक्षर मोठ्याने वाचले.

जेझुइटांच्या चर्चचे दर्शनी दार अजून शाबूत आहे. वसईतच जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानात नागासाकीला क्रुसावर मारले गेले आणि १८६२ मध्ये संतपदाला पोहोचले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. त्यांचे बालपण या भिंतींच्या आसपास गेले. त्या दारात सध्या मात्र लग्नाआधीचे फोटो काढायला रांग असते. घोळदार लाल झगा घातलेली एक मुलगी, तिचा घोळ उचलून धरणारी तिची आई आणि 'वर बघा, वर' असे सांगणारा छायाचित्रकार, अशी तीन पथके आम्ही मोजली.

खाडीकडच्या दरवाजाला लोखंडी खिळ्यांची जाड दारे आहेत. बाहेर कोळ्यांच्या होड्या आणि वाळत घातलेल्या मासळीचा वास. इथे उभे राहिले की १७३९ च्या वेढ्याची अडचण कळते: तीन बाजूंना पाणी आणि चिखल, जमिनीकडून एकच बाजू, तीही बुरुजांनी बांधलेली. चिमाजी अप्पांच्या फौजेने त्या बाजूने तटाखाली सुरुंग लावले, काही वेळेवर उडाले नाहीत, काही आपल्याच माणसांवर उडाले. मेमध्ये पावसाळा तोंडावर आला असताना किल्ला पडला. शरण आलेल्यांना कुटुंबकबिल्यासह बाहेर पडू दिले गेले. चिमाजी अप्पांनी स्वतःचे डोके तोफेने किल्ल्यात फेकायला सांगितले, ती गोष्ट वन्सं वर्गात दरवर्षी सांगत. पण सुरुंग न उडाल्याचे शाळेच्या पुस्तकात नव्हते, याची त्यांना इथे उभे राहून चुटपुट लागली.

मग घंटांचा विषय निघाला. वसई मोहिमेत मिळालेल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी ठिकठिकाणच्या देवळांत नेऊन टांगल्या. भीमाशंकरला एक आहे आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली प्रसिद्ध घंटाही त्यांतलीच. तिच्यावर १७२१ हे साल कोरलेले आहे. गोदावरीला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आले आणि नारोशंकराच्या घंटेला लागले का, हेच पंचवटीत पहिल्यांदा विचारतात. वन्सं त्या घंटेखालून साठ वर्षे ये-जा करत आहेत. त्या चर्चच्या रिकाम्या मनोऱ्याकडे मान वर करून बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "इथली असेल असे नाही, वहिनी. पण असू शकते."

परतताना बाजारात सुकेळी घेतली. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात आणि ती मधासारख्या रंगाची, चिवट, गोड होतात. विकणाऱ्या आजींनी लाल लुगडे नेसले होते आणि भाव कमी करण्याच्या वन्संच्या प्रयत्नाला त्यांनी नुसत्या हसण्याने उत्तर दिले.

शुक्रवार, अंधेरी

कालच्या चालण्याने माझे गुडघे धरले होते. तरी अंधेरी पश्चिमेचे गिल्बर्ट हिल पाहायचे ठरले होते. इमारतींच्या मधोमध सुमारे ६१ मीटर उंचीचा काळा बेसॉल्टचा सरळ सुळका उभा आहे, त्याच्या अंगावर उभ्या खांबांसारख्या रेघा आहेत आणि वय साडेसहा कोटी वर्षांहून अधिक सांगतात. लाव्हा थंड होताना आकसून दगडाला असे उभे तडे जातात. वर गावदेवीचे देऊळ आहे. वन्सं दगडात खोदलेल्या पायऱ्या चढून दर्शन घेऊन आल्या आणि मी खाली चहाच्या टपरीवर बसून राहिले. एवढा मोठा दगड गाडीतून कधी दिसला कसा नाही, हे मला अजूनही कळलेले नाही. बहुधा अंधेरी आली की दारातल्या बायकांच्या रेट्यापलीकडे काही दिसत नाही.

शनिवार, नालासोपारा

शेवटच्या दिवशी गाडीत बसायचेच नव्हते. स्टेशनाच्या पश्चिमेला रिक्षा केली आणि चालकाला 'स्तूप' म्हटले तर कळले नाही, 'बुरूड राजाचा कोट' म्हटल्यावर लगेच कळले. टोपल्या विणणाऱ्या राजाचा हा कोट, असे गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. १८८२ च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ही टेकडी खणली आणि आत विटांचा स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडक आणि करंडकाभोवती बुद्धांच्या आठ लहान मूर्ती, सोन्याची फुले, एक चांदीचे नाणे आणि सर्वांत आत मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे होते. हा ऐवज एशियाटिक सोसायटीकडे गेला, म्हणजे पुन्हा फोर्टातच, माझ्या कचेरीपासून चार रस्ते पलीकडे.

जागेवर आता गवताने वेढलेला विटांचा उंचवटा आहे, कुंपण आहे आणि मोठी झाडे आहेत. आम्ही गेलो तेव्हा तिथे दोन उपासक डोळे मिटून बसले होते, एक बाई नातवाला सावलीत भरवत होती आणि कुंपणापलीकडे सात मजली इमारतीच्या गच्चीवर गोधड्या वाळत होत्या. हे शूर्पारक, म्हणजे जुने सोपारे, ग्रीक-रोमन लेखकांनी नोंदवलेले बंदर; इथला पूर्ण नावाचा व्यापारी भिक्षू झाला आणि त्याने बुद्धांसाठी चंदनाचा विहार बांधला, अशी कथा आहे. खाडी गाळाने भरत गेली आणि बंदर संपले. माझे घर इथून रिक्षाने पंधरा मिनिटांवर आहे आणि चौतीस वर्षांत मी इथे आले नव्हते. पाहुण्यांना मात्र 'आमचे सोपारे फार जुने' असे ऐकवत आले.

याच गावात १८८२ साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला होता. त्याचा विषय वन्संना मी मुद्दाम शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवला होता. पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, म्हणजे शिकार आणि करमणूक करायला भटकत. आपण मात्र राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी बोधिवृक्षाला जाऊन आलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली, ज्यात श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन, वृद्धांची भेट आणि गावोगावच्या लोकांशी बोलणे होते, असे त्यात म्हटले आहे. आपल्या सहा दिवसांना काय म्हणावे, यावर आम्ही वाद घातला. माकडाने पळवलेली काकडी आणि सुकेळी विहारयात्रेत धरावी लागतील, लेणी आणि हा स्तूप धम्मयात्रेत. वसईचे काय करावे, ते ठरले नाही. वृद्धांची भेट रोज होतच होती, असे वन्सं म्हणाल्या.

पुढे चक्रेश्वर तलावापर्यंत गेलो. देवळाच्या आवारात जुन्या भग्न मूर्ती मांडून ठेवल्या आहेत आणि तलावाच्या पायऱ्यांवर दुपारच्या उन्हात पोरे गळ टाकून बसली होती. एकाला बोटाएवढा मासा लागला, तो त्याने आम्हाला दाखवला आणि पुन्हा पाण्यात सोडला.

संध्याकाळी दादरहून वन्संची नाशिकची गाडी होती. घरातून निघताना या खेपेला मी त्यांच्या तळहातावर दहीसाखर ठेवली. त्यांनी माझ्याकडे पाहिले, नववा शिलालेख आम्हा दोघींनाही आठवला आणि त्यांनी निमूटपणे ती चाटून घेतली. भाईंदरच्या खाडीवर गाडी आली तेव्हा दोन पुलांच्या मधले पाणजू बेट त्यांना दाखवले. डब्यातल्या एकीने निर्माल्याची पिशवी खाडीकडे भिरकावायला उचलली होती. खाली बेटावरची माणसे असतात आणि धावत्या गाडीतून टाकलेले त्यांना लागते, असे वन्संनी तिला शिक्षिकेच्या आवाजात समजावले आणि पिशवी परत तिच्या मांडीवर गेली.

दादरला त्यांना बसवून मी एकटी विरार गाडी पकडली. पास रात्री बारापर्यंत चालणार होता. बोरिवलीपर्यंत उभी होते, मग चौथी सीट मिळाली आणि भाईंदरला खिडकी. समोर उभ्या असलेल्या, पाठीवर लॅपटॉपची पिशवी अडकवलेल्या मुलीने लगेच विचारले, "काकू, कुठे उतरणार?"

"नालासोपारा," मी म्हटले.

"मग तुमच्यानंतर माझी," असे म्हणून तिने पिशवी माझ्या मांडीवर ठेवायला दिली.